शंभराची नोट चाळीसला

पत्र: मी 59 वर्षांची, जिल्हा परिषदेच्या शाळेतून मागच्या वर्षी निवृत्त झाले. कराडला असते. निवृत्तीचे पैसे बहुतेक ठेवींत आहेत. आमचे भाचेजावई पुण्याला असतात, शेअर बाजारातलं त्यांना बरंच कळतं. त्यांनी सूत आणि कापड तयार करणाऱ्या एका छोट्या कंपनीचा शेअर सुचवला आहे. भाव 88 रुपये आणि बुक व्हॅल्यू 212 रुपये. "आत्या, शंभराची नोट चाळीसला मिळतेय. उद्या कंपनी बंद पडली तरी तुमचे 212 कुठे जात नाहीत," असं ते म्हणतात. तीन लाख गुंतवा म्हणून मागे लागलेत. कंपनीच्या कागदांत मात्र दर्शनी मूल्य 10 रुपये असं छापलंय. एकाच शेअरच्या तीन किमती कशा? खरी कोणती? ताळेबंदाची झेरॉक्स जोडते आहे. जावईमाणूस, तोंडावर नाही म्हणायचं जिवावर येतं.
— एक निवृत्त शिक्षिका, कराड

ताई, नमस्कार.

झेरॉक्स जोडलीत हे फार बरं केलंत. सोबत टिपांची पानंही आहेत, आणि खरी गंमत त्या टिपांतच असते. कंपनीचं नाव मी इथे देत नाही. त्याची गरजही नाही, अशा कंपन्या पुष्कळ आहेत.

दर्शनी मूल्याचं आधी उरकून टाकू. 10 रुपये हा शेअर पहिल्यांदा जन्माला घालताना ठरवलेला हिशेबाचा आकडा. कोणाचा 10 असतो, कोणाचा 2, कोणाचा 1. लाभांश कोणी टक्क्यांत सांगितला तर ते टक्के यावरचे असतात, म्हणून "50 टक्के लाभांश" ऐकून हुरळून जायचं नाही, ते 5 रुपये असतात. यापलीकडे त्या आकड्यात तुमच्यासाठी काही नाही.

आता 212. तुम्ही शिक्षिका आहात, वजाबाकी तुम्हीच करून बघा. कंपनीकडे जे काही आहे त्याची बेरीज 360 कोटी: जमीन, इमारत, यंत्रं 130, मालसाठा 96, गिऱ्हाइकांकडून येणं 84, एका "संबंधित" कंपनीला दिलेलं कर्ज 48, रोख आणि बँकेत 2. देणं 148 कोटी: बँकेचं कर्ज 110, बाकी पुरवठादारांचं. 360 वजा 148, राहिले 212 कोटी. शेअर आहेत 1 कोटी. म्हणजे शेअरमागे 212 रुपये, हीच बुक व्हॅल्यू. ताळा करायचा तर दुसऱ्या बाजूनेही येतो: भागभांडवल 10 कोटी आणि त्याखाली "इतर इक्विटी" या नावाने 202 कोटी. हे 202 म्हणजे आजवर कमावलेला, पण वाटून न टाकता धंद्यातच ठेवलेला नफा, आणि कधी काळी शेअर चढ्या किमतीला विकून आलेले पैसे.

म्हणजे आकडा खोटा नाही. भाचेजावयांनी बरोबर वाचलाय. पण तो सांगतो काय? मालकांचे इतके पैसे या धंद्यात गेले आणि अजून वहीत शिल्लक आहेत, एवढंच. ते आज सुटतील किती, हे तो सांगत नाही. आपल्या घराचा ताळेबंद अशाच रीतीने लिहायचा ठरवला तर सासूबाईंच्या पाटल्या त्यांनी ज्या भावाला घडवल्या त्याच भावाने लिहाव्या लागतील, आणि मागच्या वर्षी घेतलेला, आता बंद पडून कोपऱ्यात उभा असलेला मिक्सर जवळजवळ पूर्ण किमतीला. बेरीज अचूक येईल. घरात काय आहे ते मात्र कळणार नाही.

म्हणून एकेक ओळ उघडून बघायची. मी बँकेत कर्जविभागात होते, आणि माझं निम्मं आयुष्य दुसऱ्यांचे मालसाठे मोजण्यात गेलं. म्हणून सुरुवात 96 कोटींच्या मालसाठ्यापासून करते.

नियम असा की माल वहीत लिहिताना तो तयार करायला आलेला खर्च किंवा विकून हाती येणारी रक्कम, यातली जी कमी ती धरायची. नियम चांगला आहे. पण विकून किती येईल हे पहिल्यांदा ठरवतं कोण? कंपनीच. एकदा जुलै महिन्यात इचलकरंजीजवळच्या एका गोडाऊनमध्ये तपासणीला गेले होते. दारातून आत शिरलं की समोर कोऱ्या कापडाचे तागे छताला भिडलेले, नवं लेबल, सगळं चोख. व्यवस्थापक पहिल्या रांगेपुढून हलेचनात. मी म्हटलं, मागचा एक तागा काढा. हमालांनी तिसऱ्या रांगेतला ओढला तसा कुबट वास आला. कडा पिवळ्या पडलेल्या, घडीत बुरशीचे ठिपके, आणि लेबलवर चार वर्षांपूर्वीचा लॉट. बँकेला दिलेल्या स्टॉक स्टेटमेंटमध्ये तो तागा ताज्या मालाच्या दराने होता. "मॅडम, दिवाळीत निघून जाईल," व्यवस्थापक म्हणाले. कोणत्या दिवाळीत, ते मी विचारलं नाही, अहवालात लिहिलं. असा माल कंपनीच्या बुक व्हॅल्यूत पूर्ण किमतीने बसलेला असतो, आणि बाहेरून शेअर घेणाऱ्याला गोडाऊनचं दारसुद्धा दिसत नाही.

तुम्हाला गोडाऊनमध्ये जाता येणार नाही, पण एक खिडकी आहे. लेखापरीक्षकाच्या अहवालाला जोडपत्र असतं. कंपनीला बँकांकडून 5 कोटींहून जास्त खेळतं भांडवल मंजूर असेल, तर दर तिमाहीला बँकेला दिलेले आकडे आणि कंपनीच्या वह्या जुळतात की नाही, हे 2021-22 पासून लेखापरीक्षकाला त्यात सांगावं लागतं. तुमच्या झेरॉक्समध्ये ते पान नाही. मागून घ्या, किंवा मुंबई शेअर बाजाराच्या संकेतस्थळावरून वार्षिक अहवाल उतरवा, फुकट मिळतो. (अहवाल जाडजूड असतो, पण पहिली साठ-सत्तर पानं हसऱ्या फोटोंची असतात. ती सरळ सोडायची.)

मग 84 कोटींची येणी. इथे कायद्याने आपल्यावर उपकार केलेत. एप्रिल 2021 पासून कंपनीला येणी वयानुसार मांडून दाखवावी लागतात: सहा महिन्यांच्या आतली, सहा महिने ते वर्षाची, दोन वर्षांपर्यंतची, तीनपर्यंतची आणि तीन वर्षांच्या वरची. तुमच्या झेरॉक्सच्या शेवटच्या पानावर तो तक्ता आहे, जरा पुसट आलाय. शेवटच्या रकान्यात 31 कोटी! तीन वर्षांत ज्यांनी पैसे दिले नाहीत ते चौथ्या वर्षी देतील म्हणता? बँकेत आम्ही साधारणपणे नव्वद दिवसांवरची येणी कर्जमर्यादेसाठी धरायचोच नाही. जी येणी तारण म्हणून धरायला बँक तयार नाही, त्यांच्या भरवशावर तुम्हाला शंभराची नोट चाळीसला मिळतेय असं सांगितलं जातंय.

तिसरी ओळ 48 कोटींची. संबंधित कंपनीला दिलेलं कर्ज. टिपेत व्याजाचा दर आहे, परतफेडीची तारीख नाही: "मागणी करताच देय". मागणी कोण करणार? देणारे प्रवर्तक, म्हणजे कंपनी उभी करून ताब्यात ठेवणारे मालक, तेच आणि घेणारेही तेच. स्वतः बँकेकडून 110 कोटी उचललेली कंपनी दुसरीकडे 48 कोटी देऊन बसते, हे बघितलं की माझी पेन्सिल आपोआप त्याखाली दोन रेघा मारते. लेखापरीक्षकाला अशा कर्जांवरही जोडपत्रात लिहावं लागतं, व्याज-मुद्दल वेळेवर येतं का ते. तेही वाचा.

आता माझी पेन्सिल चालवून बघते. 212 मधून 48 गेले, राहिले 164. जुनी येणी 31 गेली, 133. मालसाठ्यातला चौथा हिस्सा पडीक धरला तर 24 गेले, 109. अजून यंत्रांना हात लावलेला नाही. तुम्ही म्हणाल ही बाई फारच कडक. असेन. पण 88 आणि 212 मधली दरी किती आटली ते बघा. शिवाय टिपांत "संभाव्य देणी" म्हणून 22 कोटींचा कराचा वाद नोंदलाय, तो 148 मध्ये धरलेला नाही. निकाल विरुद्ध गेला तर शेअरमागे आणखी 22 रुपये.

कधी कधी गाडी उलट दिशेलाही जाते, ते सांगायला हवं. जमिनीवर घसारा नसतो, आणि जुन्या कंपन्यांच्या वह्यांत पुष्कळदा ती पूर्वीच्या भावाने पडून असते. मुंबईच्या गिरण्यांच्या जागांचं काय झालं ते आपण पाहिलंच. बॉम्बे डाइंगने 2023 मध्ये वरळीची सुमारे 22 एकर जागा जपानच्या सुमितोमो समूहातल्या कंपनीला सुमारे 5,200 कोटींना द्यायचा करार केला. अशी जमीन जुन्या भावाने वहीत असेल तर बुक व्हॅल्यू कमी बोलते. पण तुमच्या कंपनीची जमीन एमआयडीसीची आहे, म्हणजे भाडेपट्ट्याची. हस्तांतर करायचं तर महामंडळाची परवानगी आणि शुल्क, दोन्ही लागतं. वरळीची स्वप्नं इथे नकोत. आणि एखाद्या कंपनीने जमिनीची किंमत वहीतच वाढवून घेतली असेल, तर तो पुनर्मूल्यांकनाचा फुगवटा वेगळा काढून बघायचा. कंपनी कायद्याच्या व्याख्येतही निव्वळ मालमत्ता मोजताना तो धरत नाहीत.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि ते ताळेबंदात नाही, नफा-तोट्याच्या पानावर आहे. कंपनीचा वर्षाचा नफा 6 कोटी. म्हणजे शेअरमागे 6 रुपये. मालकांचे 212 रुपये अडकलेत आणि त्यावर सुटतात 6. तीन टक्केसुद्धा नाहीत. तुमची ठेव 7 टक्के देते असं धरू. 6 रुपये व्याज हवं असेल तर तुम्हाला ठेवीत किती ठेवावे लागतील? 86 रुपये. आणि शेअरचा भाव किती? 88.

म्हणजे बाजार काही झोपलेला नाही. तो 212 कडे बघतच नाहीये. 6 रुपये कमावणाऱ्या वस्तूला तो 6 रुपयांच्या हिशेबाने पैसे मोजतोय. उलट ज्या कंपनीत अडकलेल्या 100 रुपयांवर वर्षाला 40 सुटतात, तिला लोक बुक व्हॅल्यूच्या दसपट मोजतात आणि तरी ती महाग असेलच असं नाही. बुक व्हॅल्यूशेजारी हा परताव्याचा आकडा ठेवल्याशिवाय "स्वस्त" हा शब्द उच्चारायचा नाही, असं मी भाचेजावयांना सांगेन.

याच कारणाने वेगवेगळ्या धंद्यांतल्या बुक व्हॅल्यू एकमेकींशेजारी ठेवू नका. हिंदुस्तान युनिलिव्हरचं बघा. मार्च 2020 ला तिची बुक व्हॅल्यू शेअरमागे साधारण 37 रुपये होती, पुढच्या मार्चला 200 च्या वर. वर्षभरात लोक पाचपट साबण लावायला लागले का? नाही. एप्रिल 2020 मध्ये हॉर्लिक्सवाली ग्लॅक्सोस्मिथक्लाइन कन्झ्युमर तिच्यात विलीन झाली, बदल्यात नवे शेअर दिले गेले, आणि ते बाजारभावाने वहीत आले. हॉर्लिक्सचं नाव विकत घेतलं म्हणून ते मालमत्ता म्हणून वहीत बसलं. ज्या नावांवर कंपनी अनेक पिढ्या जगली ती लक्स आणि सर्फ ही नावं मात्र वहीत जवळजवळ शून्य, कारण स्वतः वाढवलेल्या नावाची किंमत लिहायची हिशेबशास्त्रात परवानगीच नाही. एकाच घरात दोन पोरं, एक दत्तक म्हणून नोंदलेलं आणि सख्ख्याची नोंदच नाही, असा प्रकार. म्हणून औषधं, साबण, सॉफ्टवेअर यांच्या बाबतीत मी बुक व्हॅल्यू बघतसुद्धा नाही. बँका, वित्तसंस्था, गुंतवणूक कंपन्या, जिथे मालमत्ता म्हणजे पैसाच, तिथे बघते.

पण बँकांतही डोळे मिटून नाही. "212 कुठे जात नाहीत" या वाक्याचं उत्तर इथे आहे. येस बँकेची बुक व्हॅल्यू मार्च 2019 ला शेअरमागे सुमारे 116 रुपये होती. डिसेंबर 2019 च्या एका तिमाहीत बँकेने 18,564 कोटींचा तोटा दाखवला. मार्च 2020 मध्ये रिझर्व्ह बँकेने निर्बंध आणले आणि मग स्टेट बँक वगैरेंनी पैसे घातले ते 10 रुपयांना एक शेअर या दराने. मग ते 116 गेले कुठे? कुठेच गेले नाहीत, ते कर्जदारांकडे आधीच अडकलेले होते. वहीने ते उशिरा मान्य केलं. शंभर किंवा त्याहून जास्त शेअर असलेल्या जुन्या भागधारकांचे तीनचतुर्थांश शेअर तर तीन वर्षांसाठी गोठवले गेले, तोटा सोसून बाहेर पडायचीही सोय नाही. बँकेची स्वतःची पुंजी ठेवींच्या मानाने लहान असते, म्हणून थोडी कर्जं बुडाली तरी पुंजीचा मोठा लचका जातो. बँकेच्या बुक व्हॅल्यूतून निव्वळ थकीत कर्जं वजा करूनच पुढे बोलायचं.

आणि कंपनी खरंच बंद पडली तर? दिवाळखोरीच्या कायद्यात रांग ठरलेली आहे: आधी प्रक्रियेचा खर्च, मग कामगारांची चोवीस महिन्यांपर्यंतची देणी आणि तारण असलेल्या बँका, मग बाकीचे पगार, सरकार आणि उरलेले धनको, अग्रहक्क भागधारक, आणि सगळ्यात शेवटी तुम्ही. तोवर यंत्रं भंगाराच्या भावाने, तागे मिळेल त्या भावाने गेलेले असतात. रांगेच्या शेवटच्या माणसाला सहसा रिकामं पातेलंच दिसतं.

भाचेजावई बहुधा तुम्हाला एल्सिडचं उदाहरण देतील, सगळेच देतात, म्हणून आधीच सांगून ठेवते. मुंबईच्या एल्सिड इन्व्हेस्टमेंट्सच्या शेअरचा भाव 3 रुपये 53 पैसे होता आणि बुक व्हॅल्यू साडेपाच लाखांच्या वर! कंपनीकडे एशियन पेंट्सचे शेअर. 29 ऑक्टोबर 2024 ला सेबीच्या नव्या नियमानुसार खास लिलाव झाला आणि एका दिवसात भाव 2,36,250. ऐकायला लॉटरीसारखं वाटतं. पण 3.53 ला तो मिळत कोणाला होता? कंपनी शेअरमागे 25 रुपये लाभांश द्यायची. साडेतीन रुपयांना कोण विकेल? एकूण शेअर दोन लाख, त्यातले तीनचतुर्थांश प्रवर्तकांकडे, विक्रेताच नाही. माझ्या दृष्टीने गोष्टीतली शिकण्यासारखी बाजू वेगळीच आहे. लिलावात भाव मोकळा सोडला, मालमत्ता म्हणजे रोज विकता येतील असे उत्तम शेअर, गोडाऊन नाही की बुरशी नाही, तरीही लोकांनी बुक व्हॅल्यूच्या चाळीस टक्क्यांच्या आसपासच पैसे मोजले. कारण ते एशियन पेंट्सचे शेअर विकून तुमच्या हातात पैसे देण्याचा अधिकार तुमच्याकडे नाही, तो प्रवर्तकांकडे. तुमच्या कापड कंपनीतही तसंच.

एक बारीक फसगत जाता जाता. एकास एक बोनस, म्हणजे हातातल्या प्रत्येक शेअरमागे एक नवा शेअर फुकट, दिला की भाव त्याच दिवशी निम्मा होतो, पण कित्येक ठिकाणी बुक व्हॅल्यू मागच्या मार्चची, जुन्या शेअरसंख्येवरची दिसत राहते. शेअर रातोरात निम्म्या किमतीत आल्यासारखा वाटतो. आलेला काहीच नसतो. उपकंपन्या असतील तर एकत्रित ताळेबंदाचा आकडा घ्यायचा, हेही लक्षात असू द्या.

तर तीन लाखांचं. कुठला शेअर घ्या हे सांगणं माझं काम नाही, पण निवृत्तीच्या पैशातून हे तीन लाख इथे घालू नका, हे मी अगदी उघड सांगते. 88 रुपये भाव चुकीचा आहे असं म्हणायला मला या कागदांत काही सापडलं नाही. भाचेजावयांना "नाही" म्हणायचीही गरज नाही. पुढच्या वेळी जेवायला आले की झेरॉक्स पुढे ठेवा आणि मास्तरणीच्या आवाजात दोनच प्रश्न विचारा: तीन वर्षांवरचे 31 कोटी कोणाकडे आहेत, आणि त्या 48 कोटींवरचं व्याज कंपनीला खरंच रोख मिळालं की नुसतं मुद्दलात चढवत गेले? दुसऱ्याचं उत्तर रोख प्रवाहाच्या पत्रकात आहे, तुमच्या झेरॉक्समध्ये ते पान आलेलं नाही. त्यांना शोधू द्या. सापडलं तर मलाही पाठवा, त्या 48 कोटींचा मला आता घोर लागलाय.